क्रिस्तियानसो: सगळेच भाडेकरू असलेलं बेट

खारा वारा

कोपनहेगनात राहायला लागल्यापासून आमची उन्हाळ्याची सुट्टी बहुतेक बॉर्नहोमला जाते. नकाशा उघडलात तर हे बेट उरलेल्या डेन्मार्कपासून फटकून, स्वीडनच्या खाली आणि पोलंडच्या वर बाल्टिक समुद्रात दिसेल. त्याच्याही ईशान्येला, गुडयेम बंदरापासून बोटीने साधारण तासाभरावर, खडकांचा एक पुंजका आहे: एर्थोल्मेने. त्यातल्या दोनच बेटांवर माणसं राहतात. मोठं ते क्रिस्तियानसो, जेमतेम २२ हेक्टर. धाकटं फ्रेडरिक्सो, चारेक हेक्टर. मध्ये बंदर आणि त्यावर एक चिंचोळा पादचारी पूल. डोलकाठीवाली होडी आली की पूल बाजूला फिरवतात आणि लोक दोन्ही टोकांना गप्पा मारत थांबतात. दोन्ही मिळून वस्ती नव्वदच्या आसपास.

मायबोलीत या जागेबद्दल काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा. निसर्गवर्णन करणार नाही, ते फोटोत दिसतंच. मला सांगायचंय ते तिथल्या राहण्याबद्दल.

आधी इतिहास थोडक्यात. १६८० मध्ये स्वीडनने कार्ल्सक्रोना इथे आरमारी तळ उभारला. त्याला उत्तर म्हणून डेन्मार्कचा राजा पाचवा क्रिस्तियान याने १६८४ पासून या खडकांवर किल्ला बांधायला घेतला. दोन गोल बुरूज, भोवती दगडी तट, तोफा, सैनिकांच्या बराकी. १८०८ मध्ये इंग्रज आरमाराने तोफा डागल्या, तेवढीच काय ती मोठी लढाई. १८५५ मध्ये तळ बंद झाला. फौज गेली, पण काही माणसं मागे राहिली आणि मासेमारीवर जगू लागली. किल्ला पाडला नाही, विकलाही नाही. आजही सगळं डेन्मार्कच्या संरक्षण खात्याच्या मालकीचं आहे. सगळं म्हणजे तट, बुरूज, बंदर आणि लोक राहतात ती घरंसुद्धा.

खरी गंमत इथून पुढे. डेन्मार्कमध्ये ९८ नगरपालिका आहेत आणि हे बेट त्यातल्या एकीतही येत नाही. वीज, पाणी, कचरा, बंदर, घरदुरुस्ती हे सगळं संरक्षण खात्याने नेमलेला प्रशासक बघतो. नगरपालिका नाही म्हणून तिचा करही नाही (इतर डॅनिश माणूस उत्पन्नाच्या साधारण चौथा हिस्सा त्यात घालतो), आणि नगरपालिकेचं मतदानही नाही. संसदेसाठी मात्र ते मत देतात. घर विकत घेता येत नाही. भाड्याने मिळतं, तेही बेटावर काम असेल तर. गाडी नाही. कुत्रं-मांजर पाळायला बंदी, कारण वाटेच्या कडेलाच आयडर बदकं अंडी उबवत बसलेली असतात.

लोक जुन्या बराकींत राहतात. पिवळ्या रंगाच्या लांबच लांब इमारती, बुटकी दारं, प्रत्येक दाराशी फुलांची कुंडी आणि भिंतीला टेकवलेली एकचाकी ढकलगाडी. बोटीतून आलेलं सामान घरी न्यायचं ते त्या गाडीवरून. मी बंदरावर उभा होतो तेव्हा ज्या माणसाने बोटीचा दोर झेलला, तोच दुपारी एका खिडकीच्या चौकटीला रंग देताना दिसला. त्याला विचारलं, हे तुझं घर का? म्हणाला, "नाही, माझं पलीकडचं. आणि तेही माझं नाही."

तर मला पडलेला प्रश्न: जिथे कुणाच्याच नावावर काही नाही, तिथे गाव टिकतं कसं? माझं मत असं झालंय की टिकलंय ते त्यामुळेच. तुम्हाला काय वाटतं?

पिंपळपान

छान धागा. फोटो कुठायत? ढकलगाड्यांचे हवेत.

सदू सातारकर

मत पटलं नाही. घरमालक सरकार, नोकरी देणारं सरकार, दिवे लावणारं सरकार. याला गाव नाही, क्वार्टर्स म्हणतात. माझं बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. शेजारपाजार फार छान होता, अजून भेटीगाठी होतात. पण बाबा निवृत्त झाले त्या महिन्यात सामान बांधलं. गाव म्हणजे जिथून तुम्हाला कुणी ऊठ म्हणू शकत नाही ते. सुविधा कितीही असोत, ज्याला भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागते तो गावकरी कसला?

खारा वारा

@सदू, मुद्दा बरोबर आहे, आणि खिळ्याचं तर शब्दशः खरं आहे. १९२६ पासून बेट संरक्षित वारसा आहे, बाहेरून काही बदलायची सोय नाही.

पण दुसरी बाजू बघा. डेन्मार्कच्या बऱ्याच छोट्या बेटांवर काय होतं? म्हातारा शेतकरी जातो, मुलं शहरात असतात, घर सुट्टीवाल्यांना विकलं जातं. जुलैत अंगणात सायकली आणि हसणं-खिदळणं, नोव्हेंबरात गल्लीत अंधार. मग शाळेला मुलं कमी पडतात, शाळा बंद होते. शाळा नाही म्हणून तरुण जोडपी येत नाहीत. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान आटपतं. अनेक नगरपालिकांनी 'या घरात वर्षभर कुणीतरी राहिलंच पाहिजे' असा नियम केलाय तो याच भीतीपोटी. क्रिस्तियानसोवर हा प्रश्नच येत नाही, कारण सुट्टीपुरतं घर घेऊन कुलूप लावून ठेवायची सोयच नाही. जे घर रिकामं होतं ते काम करणाऱ्या माणसाला मिळतं.

शाळाही चालू आहे. मुलं अगदी मोजकी, वेगवेगळ्या वयाची एकत्र शिकतात. वरच्या इयत्तांना गेली की मात्र बॉर्नहोमला राहायला जावं लागतं. आईबापांना हेच सगळ्यात जड जात असणार असं आपलं मला वाटतं.

मालवणचो भाचो

आवशीचा घो! हे तर आमच्या सिंधुदुर्गाचे जुळे भाऊ निघाले की.

जरा आकडे मांडतो. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर आहे ते ४८ एकर. तुमचं २२ हेक्टर म्हणजे साधारण ५४ एकर. महाराजांनी काम सुरू केलं १६६४ मध्ये, पुरं झालं १६६७ मध्ये, म्हणजे पाचव्या क्रिस्तियानच्या आधी वीसेक वर्षं. आणि आमच्याही किल्ल्यात आजपर्यंत लोक राहतात. मोजकीच घरं, पण पिढ्यान् पिढ्या. शिवराजेश्वराच्या मंदिराची पूजाअर्चा चालते. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, म्हणजे खिळ्याची गोष्ट तीच.

एक मोठा फरक. आमच्याकडे चहूकडे खारं पाणी असून आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्यांच्याकडे पाण्याची काय सोय?

मामाच्या घरून लहानपणी पावसाळ्यात किल्ला नुसता बघायचा. पर्यटकांच्या होड्या बंद, दर्या खवळलेला. आतली माणसं तेव्हा काय करत असतील याचं भयंकर कुतूहल असायचं. तिथे हिवाळ्यात काय होतं?

खारा वारा

@भाचो, ५४ एकरांचा हिशोब एकदम आवडला! सिंधुदुर्गात लोक राहतात हे माहीत होतं, पण दोन्ही जागा इतक्या सारख्या आकाराच्या असतील असं वाटलं नव्हतं.

पाणी: तिथे गोड्या विहिरींचं भाग्य नाही. सगळा ग्रॅनाइट. किल्ल्याच्या काळात पावसाचं पाणी साठवून ठेवत, ती तळी आणि टाकी अजून दिसतात. मातीचीही तीच कथा. खडकांच्या बेचक्यांत दगडी कुंपणं घालून तळहाताएवढ्या बागा केल्यात. पण दगड दिवसभर तापतो आणि वारा तटाला अडतो, त्यामुळे एवढ्या उत्तरेला चक्क अंजीर आणि तुती होतात. अंजिराचं झाड बघून बायको दोन मिनिटं तिथून हलेना, तिला सासवड आठवलं.

हिवाळा: टपालाची बोट वर्षभर चालते, पण वादळात तीही रद्द होते. उन्हाळ्यात दिवसाला शेकडो माणसं उतरतात. तटावरून एक फेरी, खाणावळीत जेवण, मसाल्यात मुरवलेली हेरिंग बरणीत घालून घ्यायची (ही बेटाची खासियत, तिखट नाही, गोडसर आंबट) आणि दुपारच्या बोटीने परत. हिवाळ्यात तीच नव्वद तोंडं. एका बाईंना विचारलं, कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात आम्ही एकमेकांना भेटतच नाही हो, वेळच नसतो. नोव्हेंबर लागला की जेवणावळी सुरू."

चष्मिष्ट

कैद्यांबद्दल लिहिलं नाहीत! डेन्मार्कचा डॉ. दाम्पे तिथेच होता ना? १८२० मध्ये राजेशाहीविरुद्ध, राज्यघटना हवी म्हणून गुप्त मंडळ काढायचा घाट घातला आणि पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली, मग ती जन्मठेपेवर आली. १८२६ पासून १८४१ पर्यंत त्याला एर्थोल्मेनेवर ठेवलं. सुटका झाल्यावरही बॉर्नहोम सोडायची परवानगी मिळायला १८४८ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कला राज्यघटना मिळाली. माणूस हयात होता, बघून गेला.

खारा वारा

+१. फ्रेडरिक्सोवर तो तुरुंग अजून उभा आहे. मूळ लेखात टाकायला हवं होतं, पण आधीच लांबण लागली होती.

एल्बेकाठची

मी हॅम्बुर्गला असते. माझा अनुभव वेगळ्या बेटाचा, एरोचा. हे दक्षिण डेन्मार्कमध्ये, लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्या बेटापुढे महानगरच.

आमचं लग्न तिथे झालं. (थांबा, श्रीमंती थाट नव्हता!) नवरा दुसऱ्या देशाचा, मी भारतीय. जर्मनीत कागदपत्रांचं भेंडोळं काही केल्या पुरं होईना. एका कचेरीने जन्मदाखल्यावर शिक्का हवा म्हटलं, दुसरीने तो शिक्का चुकीचा ठरवला. मग ऑफिसातल्या एकीने सांगितलं, डेन्मार्कला जा. तिकडे आधी कौटुंबिक खात्याकडून प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग हवी ती नगरपालिका. जर्मनीतून कितीतरी जोडपी अशी जातात आणि त्यातली भरपूर एरोला. एरोस्कोबिंग गावात गुडघ्याएवढ्या उंचीवर खिडक्या असलेली रंगीत घरं, गोटे बसवलेल्या गल्ल्या, आणि पाच मिनिटांच्या अंतराने नवरानवरी. आमच्या पुढे एक फिलिपिनो जोडपं होतं, मागे ब्राझीलचं. साक्षीदार तिथलेच मिळाले, दोन निवृत्त बायका. त्यांनी माझ्या नऊवारीच्या निऱ्या धरल्या, वाऱ्याने उडत होत्या म्हणून.

पण मुद्दा लग्नाचा नाही. मुद्दा असा की या बेटाने लग्न हा धंदा उचलला. फुलवाली, फोटोवाला, खानावळी, छोटी हॉटेलं, सगळ्यांना त्यातून चार पैसे मिळतात, आणि तेही वर्षभर, नुसते जुलैत नाही.

दुसरी गोष्ट त्या साक्षीदार बाईंनी अभिमानाने सांगितली. एरोवरचं मार्स्टाल ते शेजारच्या बेटावरचं रुडकोबिंग ही बोटीची फेरी २०१३ मध्ये बंद झाली. मार्स्टाल जुनं जहाजांचं गाव, आणि त्याचीच बोट गेली. लोक काही वर्षं चरफडले आणि मग त्यांनी स्वतःच कंपनी काढली, शेअर विकले, बोट बांधून घेतली. २०१९ च्या अखेरीस ती सुरू झाली. बाईंकडे शेअर होते. "नफा मिळेल का?" विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "मला नातवंडं मिळतात, शनिवारी."

म्हणून मी सदूंच्या बाजूने. लोकांची मालकी असली की लोक बोटसुद्धा विकत घेतात.

सदू सातारकर

मत दिल्याबद्दल एल्बेकाठचीताईंना माझ्याकडून चहा. नऊवारीचा फोटो मात्र टाकाच.

वायुवेडा

मालकीचा विषय निघालाच आहे तर डेन्मार्कच्याच साम्सो बेटाबद्दल लिहितो, माझ्या कामाचा भाग आहे.

१९९७ मध्ये डेन्मार्क सरकारने स्पर्धा घेतली: दहा वर्षांत पूर्णपणे अपारंपरिक ऊर्जेवर जाईल असं बेट कोणतं? साम्सो जिंकलं. वस्ती तेव्हा चार हजारांच्या घरात, मुख्यतः बटाटे पिकवणारे शेतकरी. २००० पर्यंत जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या आणि २००३ पर्यंत दक्षिणेच्या समुद्रात २.३ मेगावॉटच्या १० उभ्या राहिल्या. घरं तापवायला गव्हाचं काड जाळणारी सामायिक केंद्रं काढली, तिथून गरम पाण्याचे नळ घराघरांत.

पवनचक्की दारात नको म्हणून जगभर आंदोलनं होतात. इथे का झाली नाहीत? कारण त्या लोकांच्याच होत्या. जमिनीवरच्या ११ पैकी ९ शेतकऱ्यांच्या, २ सहकारी. समुद्रातल्या १० पैकी ५ नगरपालिकेच्या, उरलेल्यांत काही शेतकऱ्यांच्या आणि काही लहान भागधारकांच्या. पातं फिरताना ज्याला आपला हिस्सा फिरताना दिसतो त्याला आवाजाचा त्रास होत नाही. सहकाराबद्दल मराठी माणसाला मी वेगळं काय सांगू? साखर कारखान्यांचं पुढे काय झालं यावर मात्र इथे बोलू नका, धागा भरकटेल.

एरोबद्दल भर: 'एलन' नावाची विजेवरची बोट २०१९ पासून तिथे चालते. ४.३ मेगावॉट-तासांची बॅटरी, आणि एका भरणीत २२ सागरी मैल, म्हणजे जाऊन-येऊन. सुरू झाली तेव्हा विजेवरच्या प्रवासी बोटींत एवढा पल्ला दुसरीचा नव्हता.

खारा वारा

@एल्बेकाठची, @वायुवेडा, दोन्ही प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहेत. तरी माझा हेका थोडा सोडतो, थोडा ठेवतो.

सोडतो तो असा: साम्सो आणि एरोवर मालकी आहे म्हणून हिंमत आहे, हे मान्य. प्रशासकाला विचारून कुणी बोट विकत घेत नाही.

ठेवतो तो असा: कंपनी काढायला आणि शेअर विकायला गावात पुरेशी माणसं लागतात. सहा हजारांत ती मिळतात, चार हजारांतही मिळतात. नव्वदांत? त्या नव्वदांनी घरं विकायचा हक्क मिळवला असता तर कोपनहेगनच्या श्रीमंतांनी पहिल्या दहा वर्षांत सगळी पिवळी बराक घेऊन टाकली असती. समुद्रकाठी, तीनशे वर्षांचं जुनं, गाड्या नाहीत; किंमत काय लागली असती विचार करा. डेन्मार्कमध्ये लहान बेटांची एक संघटना आहे, १९७४ मध्ये स्थापन झालेली, २७ बेटं तिची सभासद. बोटीचं भाडं, शाळा, वर्षभर राहणारं कुटुंब, गाऱ्हाणी बहुतेक हीच. किती माणसांखाली मालकी उलटी फिरते, हा खरा प्रश्न आहे.

पिंपळपान

बोटीचं भाडं म्हणताय तर २०२० चा उन्हाळा आठवा. करोनात देशाबाहेर जायचं नाही म्हणून सरकारने छोट्या बेटांच्या बोटी पायी आणि सायकलवाल्यांना फुकट केल्या. माझी बहीण तेव्हा आरहूसला शिकत होती. मैत्रिणींबरोबर टुनोला गेली (तिथेही गाड्या नाहीत, ट्रॅक्टरच टॅक्सी, आणि चर्चचा मनोरा म्हणजेच दीपगृह). बोटीला ही रांग! पाहुण्यांनी गल्ला भरला असेल, पण बेटावरच्या आजीबाईंना दवाखान्याहून परतताना जागा मिळेना अशी कुरकूर तिच्या कानावर आली होती.

तंजावरी डोसा

अवांतर: डेन्मार्क आणि मराठी माणूस यांचा जुना धागाही आहे. तमिळ किनाऱ्यावरचं त्रांकेबार, आजचं तरंगंबाडी, डॅनिशांनी १६२० मध्ये तंजावरच्या नायकांकडून मिळवलं. पुढे तंजावरला भोसल्यांचं राज्य आलं आणि त्या बंदराचा वार्षिक खंड मराठी दरबारी येऊ लागला. सरफोजीराजे दुसरे यांना शिकवणारे श्वार्ट्झ पाद्री १७५० मध्ये भारतात आले ते त्रांकेबारलाच. १८४५ मध्ये डॅनिशांनी ते इंग्रजांना विकलं. तिथला डान्सबोर्ग किल्ला समुद्राकाठी अजून उभा आहे. म्हणजे डॅनिशांनी भाडेकरू होणं काही नवीन नाही, आमचेही होते ते. अवांतर समाप्त.

चष्मिष्ट

हे अवांतर नाही, शतकातला सर्वोत्तम टोमणा आहे.

मालवणचो भाचो

माझ्याकडून शेवटचं. खारा वारा यांचा प्रश्न आमच्या गावाला लावून बघितला. आमच्या वाडीत घरं सगळी मालकीची, सातबारा चोख, सहा-सहा हिस्सेदारांची नावं. गणपतीला गाडी लावायला जागा नसते. अनंतचतुर्दशीनंतर वाडीत दिवा पेटतो तो तीन घरांत. हिस्सेदार एकमेकांना विचारल्याशिवाय कौलसुद्धा बदलत नाहीत, मग ते कौल पडतं आणि मागून वासा कुजतो. सदूभाऊ, खिळ्याची परवानगी सरकारकडून मिळते तरी. चुलत्यांकडून मिळवून दाखवा.

सदू सातारकर

😂 इथे मात्र शस्त्रं खाली ठेवतो. आमचंही एक घर आहे असं, साताऱ्याजवळ. विषय नको.

एकच विचारतो खारा वारा यांना: एक रात्र राहायचं असेल तर सोय आहे का? आणि जायचं कधी?

खारा वारा

आहे. एक जुनी खाणावळ आहे, खोल्या मोजक्या, फार आधी सांगावं लागतं. एका जुन्या तोफखान्याच्या मोर्चावर तंबू ठोकायलाही जागा आहे. पक्षी बघायचे असतील तर मे महिना. शेजारच्या ग्रेसहोमवर गिलेमॉट आणि रेझरबिल घरटी करतात, डेन्मार्कमध्ये घरटी करतात ती मुख्यतः तिथेच. त्या बेटावर उतरायला बंदी आहे, दुर्बीण न्या. हेरिंग खायची तर जून ते ऑगस्ट कधीही. बोटीवर उलट्या होणाऱ्यांनी गोळी घेऊनच चढावं, बाल्टिक दिसतो तसा नाही. आणि कुत्रा असेल तर तो बॉर्नहोमलाच ठेवून यायचा, तिथे गयावया चालत नाही.

पिंपळपान, फोटो रात्री टाकतो. ढकलगाड्यांचे आहेत.